मखमलच्या पेटीतली हवा

"किती?"

रविवारी संध्याकाळी पाच वाजता फोन उचलला की त्रिशलाचा पहिला शब्द हाच असायचा. नमस्कार नाही, कसे आहात नाही. मीही तयारीत असायचो. फोन वाजायच्या आधी दहा मिनिटं चष्मा पुसून, स्टूल घेऊन पेटीसमोर बसलेला.

"एकाहत्तर."

"आणि सकाळी?"

"सकाळी चौसष्टवर आलं होतं. मग तू सांगितल्यागत दोन चमचे पाणी सोडलं."

"कोपऱ्यातच ना? सगळीकडं फवारलं नाही ना?"

"कोपऱ्यातच गं. मी काय आज पहिल्यांदा सोडतोय व्हय पाणी?"

"वाटीत पाणी आहे? खाल्लं का तिनं?"

"हाय. खाल्लं."

"बरं. ठेवते."

झालं. एवढं बोलायला दोन मिनिटं लागायची आणि त्या दोन मिनिटांवर माझा पुढचा आठवडा निघायचा. या गोष्टीला आता अकरा वर्षं झाली. मी तेव्हा साठीला टेकलो होतो.

जिच्या खाण्यापिण्याची एवढी चौकशी चालायची ती मखमल. मखमल म्हणजे टॅरंटुला, म्हणजे दांडगा कोळी. तळहाताएवढी, काळीभोर, अंगभर मऊ केस. जात दक्षिण अमेरिकेतली. त्रिशलानं ती पुण्याच्या एका पाळणाऱ्याकडून रीतसर कागद करून आणली होती. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा दारातूनच विचारलं, "हे काय खातंय?" त्रिशला म्हणाली, "जिवंत झुरळं." आम्ही जैन माणसं. आमच्या घरात मुंगीसुद्धा फुंकर घालून बाजूला करायची पद्धत. मी म्हटलं, "पनीर चालणार नाही का?" ती हसली होती. कांचन गेल्यानंतर घरात ऐकलेलं ते पहिलं हसू, म्हणून मला लक्षात आहे.

कांचन माझी बायको. त्रिशला कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला असताना मार्च महिन्यात ती गेली. त्यानंतर घरात आम्ही बापलेक दोघंच, आणि दोघांत मिळून दिवसाला दहा वाक्यं होत नव्हती. भांडण म्हणावं तर भांडणही नव्हतं. मी उजाडायला शेडवर जायचो, दिवस मावळायच्या बेताला यायचो. ती माझं ताट वाढून आतल्या खोलीत निघून जायची. "अण्णा, तुमच्या अंगाला गंधकाचा वास येतो," म्हणायची. मला तो कधीच आला नाही. तीस वर्षं त्या वासात राहून माझं नाक त्याच्यापुरतं मेलं होतं.

शेड म्हणजे बेदाण्याची शेड. तासगावच्या बाजूला द्राक्षं मोप. त्यांचा बेदाणा करायचा तर द्राक्षं जाळ्यांवर एकावर एक थर लावून सावलीत वाळवायची, आणि सगळा खेळ वाऱ्याचा. शेड अशी बांधायची की वारा एका अंगानं शिरून दुसऱ्या अंगानं बाहेर पडला पाहिजे. मधेच आभाळ आलं, हवा दमट झाली, की घडाच्या आत बुरशी धरते. मग आम्ही ताडपत्री ओढून गंधकाची धुरी द्यायचो. मी तिथला मुकादम. माझ्या हाताखालच्या मालात बुरशीचा एक मणी सापडला असं सांगणारा माणूस अजून जन्माला यायचाय. हा माझा तोरा होता, आणि खरं सांगायचं तर त्या तोऱ्याशिवाय माझ्याजवळ दुसरं काही नव्हतं.

कांचनच्या मागं मी दोन सीझन काढले आणि गुडघ्यांनी जवाब दिला म्हणून काम सोडलं. घरी बसलो, आता लेकीशी बोलू म्हटलं, तर त्याच जूनमध्ये तिला देहरादूनला जंगलाच्या अभ्यासाची जागा मिळाली. तिथल्या होस्टेलवर कोळी चालणार नव्हता.

जायच्या आदल्या दिवशी तिनं मला पेटीसमोर बसवून शिकवलं. काचेची पेटी, तळाशी नारळाच्या भुश्याची माती, लपायला अर्धी करवंटी, पाण्याची वाटी, भिंतीला चिकटवलेलं आर्द्रतेचं छोटं मीटर.

"सत्तर ते पंच्याहत्तर ठेवायचं. कमी झालं तर पाणी, जास्त झालं तर झाकण थोडं सरकवायचं. उताणी पडलेली दिसली तर घाबरू नका, हात लावू नका, ती कात टाकतेय असं समजा. आणि पाय पोटाशी ओढून बसली..."

"तर?"

"तर मला लगेच फोन करायचा. कुठल्याही वेळेला."

मी मान हलवली. एवढं सलग ती माझ्याशी दोन वर्षांत बोलली नव्हती.

तर असे ते रविवार सुरू झाले. आमच्या दोघांत बोलायला एवढा एकच विषय होता. माझ्यासाठी म्हणून ती फोन करत नव्हती, हे मला पक्कं ठाऊक होतं. मखमल होती म्हणून फोन होता. त्यामुळं मी त्या बाईला जीव लावला म्हणा, की तिच्या जिवाला स्वतःला बांधून घेतलं म्हणा. दर दहा दिवसांनी सांगलीला एसटीनं जाऊन पाळीव प्राण्यांच्या दुकानातून झुरळांची डबी आणायचो, ती मांडीवर झाकून आणायचो, शेजारी कुणी विचारलं तर "औषध हाय" म्हणायचो. पेटीत झुरळ सोडताना तोंड भिंतीकडं करून णमोकार मंत्र म्हणायचो. तो झुरळासाठी होता की माझ्यासाठी, याचा विचार केला नाही.

बाकीचा दिवस रिकामा. एक माणूस, एक ताट, एक तांब्या. दुपारी तीनच्या सुमाराला मखमल करवंटीतून बाहेर यायची आणि काचेवर पाय टेकून उभी राहायची. मी स्टूलवर, ती काचेच्या आत. कधी कधी तासभर आम्ही तसेच बसायचो. घरात हलणारं दुसरं काही नव्हतं.

जुलैत पहिल्यांदा बुरशी दिसली. करवंटीच्या कडेला, कापसाच्या तंतूसारखी पांढरी. रविवारी भीत भीत सांगितलं.

"थोड्या बुरशीनं तिला काही होत नाही, अण्णा. चमच्यानं तेवढी माती काढून टाका. खाल्लेल्याचं उरलंसुरलं आत राहू देऊ नका."

"ते केलं. पण मी काय म्हणतो, तुझ्या पेटीचं बांधकाम चुकलंय."

"म्हणजे?"

"भोकं नुसती वर, झाकणाला हाईत. वारा जाणार कुठनं? एका अंगाला खाली आणि समोरच्या अंगाला वर अशी भोकं पाहिजेत. नुसत्या एकाच बाजूनं वारा येऊन उपयोग नसतोय. आमच्या शेडचं तेच गणित."

मग म्हणाली, "काचेला भोकं पाडता येतील?"

"न यायला काय झालंय?"

मखमलला डब्यात ठेवून मी काचवाल्याकडं पेटी घेऊन गेलो. दोन्ही अंगांना बारीक भोकांची रांग पाडून घेतली. आठ दिवसांत बुरशी गेली, मीटर बहात्तरवर थांबलं. त्या रविवारी त्रिशला म्हणाली, "अण्णा, हुशार आहात की तुम्ही!" आणि ठेवते म्हणायच्या आधी तिनं जेवणात काय केलंय ते विचारलं. मी आमटी म्हणालो. फोन ठेवल्यावर मी खरोखरच आमटी केली. खोटं का पडू द्यायचं.

हा मान मला बाधला, असं आता वाटतं.

ऑगस्टच्या मध्यावर आभाळ बसलं ते उठेचना. आमच्याकडं पाऊस तसा बेताचा, पण त्या वर्षी सलग सतरा दिवस ऊन नाही. कपडे वाळेनात, भिंतीला ओल आली, काडेपेटी पेटेना. मीटर अठ्ठ्याऐंशीवर गेलं. पेटीला कितीही भोकं पाडा, बाहेरचीच हवा ओली असल्यावर आत कोरडी कुठनं येणार? बुरशी परत आली, आणि या वेळी नुसती कडेला नाही, करवंटीवर, वाटीच्या बुडाशी, मातीभर पांढरी चादर.

त्रिशलानं आधीच्या रविवारी सांगून ठेवलं होतं, "पुढचे दहा दिवस मी आत जंगलात आहे. फोन लागणार नाही. बुरशी वाढली तर सगळी माती बदला, नवी माती माझ्या कपाटाखाली पिशवीत आहे. बाकी काही करू नका."

मी माती बदलली. ती चार दिवसांत परत पांढरी झाली. पिशवी संपली.

थोडी बुरशी ही गोष्टच माझ्या धंद्यात नव्हती. एका घडाला लागली की दोन दिवसांत जाळी गेली समजा. रोज सकाळी उठून ती चादर बघायची आणि हातावर हात ठेवून बसायचं, हे माझ्यानं होईना. आणि मनात दुसरंही होतं. ती जंगलातनं बाहेर येईल, फोन करील, आणि मी म्हणेन, "सगळी साफ केली बुरशी, एक ठिपका नाही." मग ती परत हुशार म्हणेल.

मी अगदीच अडाणीपणा केला नाही. मखमलला भोकं पाडलेल्या डब्यात घालून स्वयंपाकघरात ठेवलं. पेटी मागच्या सोप्यात नेली. धुपाटण्यात निखारे, त्यावर चिमूटभर गंधक, वरनं शेडवरची जुनी ताडपत्री. तासभर धुरी दिली. नंतर पेटी पूर्ण दिवस आणि पूर्ण रात्र उघडी ठेवली. बेदाण्यालाही आम्ही एवढंच करायचो, वास उडून गेला की काम झालं. सकाळी पेटीत तोंड घालून दोनदा हुंगलं. काही वास नव्हता. बुरशी पार जळून गेली होती. माती कशी स्वच्छ, तपकिरी.

मखमलला आत सोडलं. ती माती सोडून काचेवर चढली आणि वरच्या कोपऱ्यात जाऊन बसली. दिवसभर खाली उतरली नाही. मला वाटलं, डब्यात कोंडलं म्हणून रुसली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती खाली होती. आठही पाय पोटाशी ओढलेले, मूठ मिटल्यागत.

बेदाणा कोरडा असतो, माती ओली होती. कोरड्या मालातनं गंधक उडून जातं, ओल्यात मुरून बसतं. हे मला तेव्हा, पेटीसमोर उभं राहून कळलं. तीस वर्षं धुरी देणाऱ्या माणसाला. आणि वास होताच. तो दुसऱ्या कुणालाही आला असता. फक्त हुंगणारा मी होतो.

कुठल्याही वेळेला फोन करा म्हणाली होती. मी फोन हातात घेतला, लागणार नाही हे माहीत असूनही. खरं म्हणजे लागणार नाही म्हणूनच घेतला. दोनदा लावला, दोनदा बाई इंग्रजीत काहीतरी बोलली. तिसऱ्यांदा लावायचं धाडस केलं नाही.

मखमलला मी परसातल्या लिंबाच्या बुडाशी पुरलं. पेटी धुतली, सांगलीहून नवी माती आणली, करवंटी ठेवली, वाटीत पाणी भरलं, मीटर चिकटवलं. कशासाठी, ते विचारू नका. रिकामी पेटी घरात असणं मला सोसलं नसतं.

रविवारी पाचला फोन वाजला.

"किती?"

आणि मीटर समोर होतं, आकडा समोर होता. "बहात्तर," मी म्हणालो. खोटं नव्हतं. बहात्तरच होतं.

"वा! बुरशी?"

"एक ठिपका नाही."

"खाल्लं?"

"नाही."

तेवढंच खरं तोंडातनं आलं. त्याचीही तिनं काळजी केली नाही. तिला घाई होती.

पुढच्या रविवारी दशलक्षण सुरू होतं. आमचं ते दहा दिवसांचं व्रताचं पर्व. मी एकभुक्त होतो, दिवसातनं एकदाच जेवायचो.

"अजून खात नाही?" तिनं विचारलं.

"तिचंबी दशलक्षण चाललंय," मी म्हणालो.

ती खळखळून हसली. मखमल आणल्या दिवशी हसली होती तशी. मला रडूच आलं, पण फोनवर दिसत नाही हे बरं. हसू थांबल्यावर म्हणाली, "अण्णा, ती कात टाकायच्या तयारीला लागलीय. म्हणून खात नाही. आता रोज लक्ष ठेवा."

मी ठेवतो म्हणालो. खोट्याचं असं असतं, ते नुसतं बसून राहत नाही, त्याला रोज काहीतरी घालावं लागतं. तिसऱ्या रविवारी तिनं उत्सुकतेनं विचारलं, "टाकली?" आणि तिच्या आवाजात एवढा आनंद तयार होऊन बसला होता, की मी म्हणालो, "टाकली."

तिकडं ती ओरडलीच. शेजारच्या कुणाला तरी सांगितलं, माझ्या मखमलनं कात टाकली म्हणून. मग मला म्हणाली, "कात फेकली नाही ना तुम्ही?"

"नाही."

"फेकू नका! चुरगळू देऊ नका. खोक्यात कापूस घालून मला कुरिअरनं पाठवा. इथं सगळ्यांना दाखवायचीय. अण्णा, तुम्ही बघितलंत? टाकताना बघितलंत?"

"होय."

"किती छान," ती म्हणाली. एकदम हळू आवाजात. "तुम्ही होता तिथं."

तिचं ते शेवटचं वाक्य मला नीट लागलं नाही. मी काळजीत होतो, कात आणायची कुठनं.

आणि मग आठवलं. एक कात होती. मखमलनं दीड वर्षापूर्वी टाकलेली, त्रिशलानं कपाटात जपून ठेवलेली. थोडी लहान असेल, पण वाळकी कात, कापसात गुंडाळलेली, कोण मापायला बसतंय? मी तिचं कपाट उघडलं. पेढ्याच्या खोक्यात कात सापडली. हुबेहूब मखमल, पण आतनं पोकळ, फुंकरीनं उडेल अशी. सुटलो, असं खरंच वाटलं मला. खोक्याखाली एक वही होती.

वही मखमलची होती. रेघा मारून रकाने पाडलेले. तारीख, तापमान, आर्द्रता, खाल्लं की नाही, आणि शेवटी शेरा. शेऱ्याचा रकाना वाचत गेलो. "आज काचेवर चढली." "आज तासभर माझ्याकडं बघत होती." "घरी मी आणि मखमल." "अण्णा शेडवर." "अण्णा शेडवर." पानंच्या पानं ते दोन शब्द होते. तक्रार म्हणून नाही, आकडे लिहावेत तसे लिहिलेले. मी तीन महिने ज्या स्टूलवर बसून दुपारी मोजत होतो, त्याच स्टूलवर ती माझ्या आधी दीड वर्ष बसली होती. आणि मी तर तेव्हा गावातच होतो, चार किलोमीटरवर.

कात टाकल्याची नोंद मार्चमधली होती.

"१७ मार्च. आर्द्रता ७३. दुपारी १.१० ला उताणी झाली. अण्णांना दाखवायचं होतं. फोन केला. धुरी लावून येतो म्हणाले."

तो फोन मला आठवतही नव्हता. पण ते वाक्य आठवत होतं, दुसऱ्या फोनचं. एक वर्ष आधीच्या मार्चमधलं. त्या दिवशी आभाळ आलं होतं, जाळ्यांवर सगळा माल ओला होता, आणि त्रिशला दवाखान्यातनं म्हणत होती, "अण्णा, आईला धाप लागलीय. ती तुम्हाला विचारतेय. लगेच या." मी म्हणालो होतो, धुरी लावून येतो. माल वाचला. मी पोचलो तेव्हा कांचनचं तोंड झाकलं होतं. मी त्रिशलाला जवळ घ्यायला गेलो, तर ती मागं सरकली. म्हणाली, "वास येतोय."

मला वाटलं होतं, ती वासाबद्दल बोलतेय.

दोन दिवसांनी क्षमावाणी होती. दशलक्षण संपलं की त्या दिवशी आम्ही एकमेकांची क्षमा मागतो. सकाळी मंदिराच्या पायरीवर आप्पासो मगदूम भेटला. शेडवर वीस वर्षं माझ्याबरोबर होता. हात जोडून म्हणाला, "भूपाल, वर्षभरात जाणता अजाणता काय चुकलं असंल तर क्षमा कर बाबा."

"मीबी क्षमा मागतो," मी म्हणालो.

"तू काय केलंयस रं? मुंगीला न मारणारा माणूस."

तो हसत पुढच्या माणसाकडं वळला. मी शंभर माणसांना तेच म्हणालो, शंभरांनी मला तेच म्हटलं. घरी आलो. मेजावर पेढ्याचं खोकं बांधून तयार होतं, वर देहरादूनचा पत्ता लिहिलेला. नेऊन टाकलं असतं तर रविवारचा फोन टिकला असता. मी सुतळी सोडली आणि फोन लावला. मी होऊन केलेला आणि तिला लागलेला हा पहिलाच फोन. ती घाबरलीच.

"अण्णा? काय झालं? मखमल..."

"आज क्षमावाणी हाय."

"हो. हो की. उत्तम क्षमा, अण्णा. मी विसरलेच होते."

"थांब. मला मागायचीय. खरीखुरी." सुटलेली सुतळी मी मेजावर टाकली. "मखमल नाही. तीन आठवडे झाले. मी मारली."

"कशी?"

"बुरशी जाईना म्हणून पेटीला धुरी दिली. तिला बाहेर ठेवली होती. मग दिवसभर हवा दिली. मला वास आला नाही गं."

"गंधक?"

"होय."

"मग ते बहात्तर? कात?"

"सगळं खोटं. फोन बंद होईल म्हणून."

मी थांबलो असतो तर पुढचं कधीच बोललो नसतो. "आणि दुसरी एक क्षमा हाय. आईच्या दिवसाची. मी धुरी लावून येतो म्हणालो. यायला पाहिजे होतं. माल गेला असता तर गेला असता. तुझी वही वाचली मी."

मग ती म्हणाली, "मला आत्ता बोलायचं नाही," आणि फोन बंद झाला.

त्या रविवारी मी साडेचारलाच स्टूलवर जाऊन बसलो. पाच वाजले. सव्वापाच, सहा. आम्ही दिवस मावळल्यावर जेवत नाही. ताट वाढलेलं होतं. उन्हाची तिरीप भिंतीवरनं सरकत गेली, अंधारलं, आणि मी ताट तसंच झाकून ठेवलं. मीटर सत्तर दाखवत होतं. विचारायला कुणी नव्हतं. एवढं एकटं मला कांचन गेली तेव्हाही वाटलं नव्हतं, कारण तेव्हा शेड होती.

पुढच्या रविवारी ताट वाढलंच नाही. सवयीनं बसलो फक्त. परतीच्या पावसाची झड लागली होती. पाच वाजून वीस मिनिटांनी फोन वाजला. मला वाटलं, दुसऱ्या कुणाचा असेल.

"किती?"

"काय किती?"

"मीटर आहे का अजून?"

"हाय की. पेटीत."

"तिथलं नको. ते काढा आणि तुमच्या खोलीत न्या. जिथं झोपता तिथं."

मी ते भिंतीवरनं सोडवलं आणि खोलीत नेलं. खाटेच्या उशाशी धरून उभा राहिलो. आकडा चढत गेला.

"शहाऐंशी."

"भिंतीला ओल आहे?"

"खाटेच्या मागं. थोडी बुरशी हाय."

"आणि रात्री खोकता का?"

"खोकतो."

"खिडकी उघडा." मी उघडली. "आता समोरचं दार. एकाच बाजूनं वारा येऊन उपयोग नसतो, तुम्हीच सांगितलंय मला." मी दार उघडलं. ओला वारा आत आला आणि कॅलेंडरची पानं फडफडली. तिला ती तिकडं ऐकू गेली असावीत.

"क्षमा केली असं समजू नका, अण्णा," ती म्हणाली. "मखमलची नाही. आईची तर नाहीच. अजून नाही."

"नको करू," मी म्हणालो. "घाई नाही."

"पाणी प्यालात?"

"होय."

"खाल्लं का?"

"नाही अजून."

"मग दिवस आहे तोवर खाऊन घ्या. मी आहे फोनवर."

मी फोन मेजावर उभा करून ठेवला. सकाळची भाकरी होती, दही होतं. पाट घेतला आणि जेवायला बसलो. शेवटचा घास होईपर्यंत तिनं फोन ठेवला नाही.